नाटकाचा 'प्रकार' नक्की ठरवायचा कसा?

तिसरी घंटा

मंडळी, मदत हवीये. आमच्या हौशी ग्रुपकडे वर्षानुवर्षं साठलेल्या संहिता आहेत, काही छापील, काही टाइप केलेल्या, काही चक्क हाताने लिहिलेल्या, मिळून दीडेकशे तरी असतील. "कुणीतरी यांची नीट यादी करायला हवी" असं मीटिंगमध्ये मीच बोलले आणि अर्थातच काम माझ्याच गळ्यात पडलं. एक्सेल उघडलं. नाव, लेखक, अंक किती, स्त्रीपात्रं किती, पुरुषपात्रं किती, इथपर्यंत गाडी सुसाट. मग आला 'प्रकार' हा रकाना आणि तिथे चार दिवस अडकलेय.

मी ड्रॉपडाउनमध्ये टाकलेत: विनोदी, गंभीर, सामाजिक, कौटुंबिक, ऐतिहासिक, पौराणिक, संगीत, फार्स, रहस्य, प्रायोगिक. आता 'एकच प्याला' घ्या. संगीत? हो. सामाजिक? हो. शोकांतिका? शंभर टक्के. कौटुंबिक म्हटलं तरी कोण नाही म्हणेल. आणि तळीराम स्टेजवर आला की प्रेक्षक हसतात ते वेगळंच. ड्रॉपडाउन एकच पर्याय घेतं. तुम्ही कसं ठरवता?

विंगेतला

'इतर' असा एक पर्याय टाक आणि झोप.

तिसरी घंटा

टाकला होता. एकशेदहा नाटकं 'इतर'मध्ये गेली.

प्रॉम्प्टर

घंटाताई, घोळ नाटकांचा नाहीये, तुमच्या यादीचा आहे. राग मानू नका. 'ऐतिहासिक' म्हणजे गोष्ट कुठून घेतली त्याचं उत्तर. 'संगीत' म्हणजे सादर कसं होतं त्याचं. 'विनोदी' म्हणजे बघणाऱ्याचं काय होतं त्याचं. आणि 'प्रायोगिक' हे तर बऱ्याचदा कुठल्या थेटरात, किती खर्चात आणि कुणासमोर केलं त्याचं उत्तर असतं. चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच रकान्यात कोंबलीत. उंच, तांबडा, आंबट आणि मंगळवार यातलं एक निवडा असं विचारल्यासारखं झालं की हे.

एक रकाना मोडून चार करा. 'एकच प्याला' मग सरळ बसतं: विषय सामाजिक, रूप संगीत, परिणाम शोक. तळीरामाला कुठेही घालायची गरज नाही, तो शोकनाट्यातला विनोदी माणूस आहे, त्याने नाटकाची जात बदलत नाही. गंमत म्हणजे त्या नाटकातली पदं गडकऱ्यांची नाहीतच, वि. सी. गुर्जरांची आहेत. म्हणजे 'संगीत' हा थर दुसऱ्या हाताने चढवलाय. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि नाटक त्यानंतर रंगमंचावर आलं. पदं काढून गद्य प्रयोग केला तरी सिंधू मरायची ती मरतेच.

मेघदूतिका

प्रॉम्प्टर म्हणतायत ते आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी सांगून झालंय, फक्त आपण विसरलो. धनंजयाचं 'दशरूपक', दहावं शतक. रूपकांचे भेद कशावरून करायचे? वस्तु, नेता, रस. म्हणजे गोष्ट कुठली, नायक कोण, आणि रस कुठला. तीन रकाने!

त्यावरून भरताच्या नाट्यशास्त्रातलेच दहा प्रकार: नाटक, प्रकरण, भाण, प्रहसन, डिम, व्यायोग, समवकार, वीथी, अंक, ईहामृग. आपण सरसकट सगळ्याला 'नाटक' म्हणतो पण तिथे नाटक हा दहातला एक प्रकार. गोष्ट प्रसिद्ध हवी, नायक राजा वगैरे, अंक पाच ते दहा. गोष्ट कवीने स्वतः रचलेली आणि नायक राजा नसून ब्राह्मण, अमात्य, व्यापारी असा कुणी असेल तर ते प्रकरण. म्हणून 'शाकुंतल' नाटक आणि 'मृच्छकटिक' प्रकरण. आता गंमत बघा, देवलांनी मृच्छकटिक मराठीत आणलं तेव्हा त्याचं झालं 'संगीत मृच्छकटिक'. गोष्ट तीच, चारुदत्त तोच, वसंतसेना तीच, पण संस्कृतवाल्यांनी विचारलं "गोष्ट कुणाची, नायक कोण?" आणि मराठी प्रेक्षकाने विचारलं "गाणी आहेत का?"

आणि आपण एकपात्री म्हणतो त्याचा पणजोबा भाण. एकटा विट (रंगेल, बोलघेवडा गडी) रस्त्यावरून चाललाय आणि न दिसणाऱ्या माणसांशी बोलतोय, "काय म्हणालास?" करून त्यांची वाक्यं स्वतःच परत सांगतोय. याला आकाशभाषित म्हणतात. पुढे स्टेजवर टेलिफोन आला आणि नाटककारांना हीच सोय आयती मिळाली.

विंगेतला

"काय म्हणालास? सासूबाई येतायत? उद्याच?" हे आकाशभाषित आहे होय. मी इतकी वर्षं त्याला आळशी लेखन म्हणत होतो.

चष्मिष्ट

मी थोडा विरोधात बोलतो. ही सगळी लेबलं समीक्षकांच्या आणि तिकीट विकणाऱ्यांच्या सोयीसाठी असतात, चांगला नाटककार लिहिताना "आता एक सामाजिक लिहू" म्हणून बसत नाही. शेक्सपिअरचंच घ्या. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या छापील संग्रहात, ३६ नाटकं, तीन खण: कॉमेडी, हिस्टरी, ट्रॅजेडी. ही विभागणी तो गेल्यावर सात वर्षांनी त्याच्या सोबतच्या नटांनी छापताना केली, आणि तिथेही फसलीच. 'ट्रॉइलस अँड क्रेसिडा' तर भारीच. आधी १६०९ ला सुटं छापलं तेव्हा मुखपृष्ठावर 'हिस्टरी', काही प्रतींना जोडलेल्या प्रस्तावनेत त्याचं कौतुक कॉमेडी म्हणून, आणि फोलिओत नाव 'ट्रॅजेडी'. वर अनुक्रमणिकेत नाहीच, हिस्टरी आणि ट्रॅजेडीच्या मधल्या फटीत घुसवलंय. पुढे १८९६ मध्ये बोआस नावाच्या अभ्यासकाने असल्या अवघड पोरांसाठी 'प्रॉब्लेम प्ले' हा खण काढला. म्हणजे तुमचं 'इतर'च, घंटाताई, फक्त जरा शिकलेलं.

हॅम्लेटमधला पोलोनियस आठवा. नटमंडळी आली म्हणून सांगताना तो प्रकारांची माळ लावतो, शोकात्म, विनोदी, ऐतिहासिक, ग्रामजीवनाचं, आणि मग त्यांची एकमेकांत कलमं करत सुटतो. चारशे वर्षांपूर्वीच शेक्सपिअरने या धाग्याची टिंगल करून ठेवलीये.

नेपथ्यवाला

चष्मिष्ट, लिहिणाऱ्याला लेबल लागत नसेल, करणाऱ्याला लागतं. स्वतःचा अनुभव सांगतो, लांबेल थोडं.

आम्ही एक फार्स बसवला होता. दिग्दर्शक हुशार होता पण आयुष्यभर गंभीर नाटकं केलेला. त्याने फार्स विनोदी नाटकासारखा बसवला. म्हणजे प्रत्येक पात्राला पार्श्वभूमी, प्रत्येक खोट्यामागे मानसिक कारण, आणि विनोद झाला की लोकांना हसायला सुंदर पॉज. तालमीत आम्ही लोळलो हसून. प्रयोगात पहिली वीस मिनिटं ठीक, मग जे थंड झालं ते थंडच. का? तर पॉजमध्ये प्रेक्षकाला विचार करायला वेळ मिळाला. आणि फार्समध्ये प्रेक्षकाने विचार केला की संपलं, कारण त्याला लगेच सुचतं "अरे हा सरळ खरं का नाही सांगत?" सुखात्मिकेत हा प्रश्न चालतो, तिथे माणसाचा स्वभावच उत्तर देतो. फार्समध्ये त्याला उत्तरच नाही, उत्तर एकच, पुढचं दार उघडायला हवं.

दुसऱ्या प्रयोगाला आम्ही अठरा मिनिटं कापली. संवाद एकही नाही कापला हां, नुसते पॉज आणि चालणं. आणि नटांना एकच सूचना: तुम्हाला हे अजिबात विनोदी वाटत नाहीये, तुमचा जीव जातोय. तुफान चाललं. तेव्हापासून मी सेट लावताना आधी दारं मोजतो. तीनच्या वर दारं आणि प्रत्येक दार दोन्हीकडून वापरलेलं असेल तर तो फार्स, लेखकाने वर काहीही लिहिलेलं असो.

कानोसा

दारांची कसोटी आवडली. 'मोरूची मावशी'ला लागू होते का? ते तर 'चार्लीज आँट'वरून अत्र्यांनी केलेलं, तिथे दारांपेक्षा साडीच जास्त काम करते.

नेपथ्यवाला

साडी हे चालतंबोलतं दार आहे. आत शिरलं की माणूस बदलून बाहेर येतो.

प्रॉम्प्टर

हे वाक्य मी ढापणार आहे.

गद्यपद्य

एक शब्दाचा मुद्दा राहिलाय. वर सगळेच 'शोकांतिका' म्हणतायत. मराठीत दोन शब्द आहेत, शोकांतिका आणि शोकात्मिका, आणि दोन्ही ट्रॅजेडीसाठीच वापरतात पण सांगतात वेगळं. शोकांतिका म्हणजे शेवटी शोक. शोकात्मिका म्हणजे पिंडच शोकाचा, शेवट काय व्हायचा तो होवो.

फरक नुसता कीस काढण्यापुरता नाही. युरिपिडीजची टॉरिसमधल्या इफिजिनियाची ट्रॅजेडी बघा. बहीण न ओळखता भावाचा बळी द्यायला निघालीये, ऐन वेळी ओळख पटते, दोघं निसटतात. सगळे जिवंत! ग्रीकांसाठी ती ट्रॅजेडीच. आणि ॲरिस्टॉटल तर एका ठिकाणी म्हणतो की अघटित घडायच्या आधी ओळख पटणं ही रचना सर्वात उत्तम, आणि उदाहरणात हेच नाटक देतो (त्याच्याच आधीच्या प्रकरणात तो दुःखद शेवट चांगला म्हणतो, तो झगडा विद्वान अजून सोडवतायत). म्हणजे मेलं कोण हे मोजून ट्रॅजेडी ठरत नाही.

उलट आपल्या संस्कृत परंपरेत शेवट गोड व्हावा असा दंडक, तरी भासाच्या नावावर असलेलं 'ऊरुभंग' आहेच. मांड्या मोडलेला दुर्योधन रंगमंचावर प्राण सोडतो, आणि त्याआधी आईवडील, बायका आणि लहानगा दुर्जय भेटायला येतात. पोराला मांडीवर बसायचंय आणि मांडीच राहिली नाहीये. एका अंकाचं आहे पण पोटात कालवतं.

कानोसा

दुर्जयाचं वाचलं नव्हतं कधी. आज काम होणार नाही आता.

चष्मिष्ट

@गद्यपद्य, मुद्दा मान्य. पण मग 'शोकात्मिका' तरी कोण ठरवणार? लेखक? चेकॉव्हने 'चेरी ऑर्चर्ड'ला कॉमेडी म्हटलं. दिग्दर्शक स्टानिस्लाव्हस्कीने वाचून कळवलं की मी रडलो, ही कॉमेडी नाहीच, ट्रॅजेडी आहे. १९०४ मध्ये प्रयोग लागले तेव्हा पोस्टरवर आणि जाहिरातीत 'ड्रामा' छापून आलं आणि चेकॉव्ह बायकोला पत्रात विचारतोय की माझ्या नाटकाला सारखं ड्रामा का म्हणतात. त्याच वर्षी तो गेला. लेखक एक म्हणतो, दिग्दर्शक दुसरं, पोस्टर तिसरं. 'सीगल'ला पण तो कॉमेडीच म्हणतो आणि शेवटी ट्रेपलेव्ह स्वतःला गोळी घालून घेतो.

मेघदूतिका

मला तर चेकॉव्ह बरोबर वाटतो. बाग लिलावात चाललीये, दिवस जवळ आलाय, आणि माणसं गप्पा मारतायत, पार्टी करतायत. दुःख मोठं आणि माणसं त्याच्या मापाची नाहीत, यात हसू आहे. फक्त ते ठो करून येत नाही. रडत केलं की उलट ती माणसं फार थोर वाटायला लागतात आणि नाटक जड होतं.

विंगेतला

चुकीच्या लेबलचा सर्वात भारी किस्सा अजून कुणी सांगितला नाही म्हणून सांगतो. बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो'. अमेरिकेतला पहिला प्रयोग १९५६ मध्ये मायामीत, जाहिरात काय तर 'दोन खंडांतलं हास्याचं तुफान' अशा थाटाची. सुट्टीला आलेले लोक नटूनथटून हसायला आले आणि समोर दोन माणसं एका झाडाखाली वाट बघतायत. अर्धं थेटर मध्यंतरापर्यंत रिकामं. बेकेटने इंग्रजी प्रतीवर स्वतः 'शोकसुखात्मिका, दोन अंकी' असं लिहून ठेवलं होतं हो, पण जाहिरातवाल्याने त्यातलं 'सुख' तेवढंच उचललं.

प्रॉम्प्टर

आणि तेच नाटक पुढच्या वर्षी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात केलं तर कैद्यांनी शांतपणे बघितलं, त्यांना कळलं. मार्टिन एस्लिनचं 'थिएटर ऑफ द ॲब्सर्ड' पुस्तक (१९६१) याच प्रसंगाने सुरू होतं. आपण ज्याला सर्रास 'ॲब्सर्ड' म्हणतो तो शब्द त्या पुस्तकाने रूढ केला, आयनेस्को, बेकेट वगैरे नाटककार मंडळी काही फलक घेऊन एकत्र उभी नव्हती. आयनेस्को 'द चेअर्स'ला 'शोकात्म फार्स' म्हणायचा. नेपथ्यवाले, त्या नाटकात दारं ढीगभर आहेत हां.

नेपथ्यवाला

माहितीये. आणि त्यातून येणारी माणसं अदृश्य आहेत. कसोटी टिकली 😄

जुना जाणता

सर्व चर्चा वाचली. एक गोष्ट निदर्शनास आणतो. प्रकार कधी कधी कलेने नाही, कायद्याने जन्मतात. लंडनमध्ये १८४३ पर्यंत गद्य संवादांचं 'खरं' नाटक करायचा परवाना मोजक्याच थिएटरांना होता. बाकीच्यांनी पळवाट काढली, मधे मधे संगीत घातलं, आणि हे नाटक नव्हे, संगीताचा कार्यक्रम आहे असं सांगितलं. मेलोड्रामा तिथे फोफावला त्याला हे एक मोठं कारण. शब्दातच 'मेलॉस' म्हणजे गाणं आहे. आज आपण रडारड, कर्कश खलनायक या अर्थी शिवीसारखा वापरतो, मूळ अर्थ संगीतासहित नाटक. तो कायदा बदलला त्याच १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, हा निव्वळ योगायोग.

दुसरं उदाहरण आपलंच. खाडिलकरांचं 'कीचकवध', १९०७. महाभारतातली गोष्ट, म्हणजे घंटाताईंच्या यादीत पौराणिक. पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता आणि सरकारलाही दिसला, १९१० मध्ये बंदी आली. सरकारने त्याचं वर्गीकरण 'राजकीय' असं केलं म्हणा ना. जपानी रंगभूमीवरही हेच, ताज्या घटनांवर सामुराईंची नावं घेऊन नाटक करायला मनाई, म्हणून सत्तेचाळीस रोनिनांची (धनी नसलेल्या सामुराईंची) गोष्ट १७४८ मध्ये चारशे वर्षं मागे ढकलून 'ऐतिहासिक' केली.

तिसरी घंटा

म्हणजे आता 'वरवर' आणि 'खरं' असे दोन रकाने करू का? 😭

चष्मिष्ट

'घाशीराम कोतवाल'ला तर करावेच लागतील. १९७२ पासून एक पक्ष चिडून म्हणतोय हा इतिहास नाही, दुसरा बचावात म्हणतोय हा इतिहासच नाही!

कानोसा

'ही' आणि 'च' यांनी मराठीत जेवढी भांडणं लावलीत तेवढी नाटकांनी पण नसतील.

गद्यपद्य

'प्रायोगिक' राहिलं. माझं मत, तो रकाना काढूनच टाका. काल जो प्रयोग होता तो आज नेहमीचा असतो. घाशीराममधली माणसांची भिंत तेव्हा नवी होती, नंतर प्रत्येक एकांकिकेत पोरं हात धरून उभी राहायला लागली आणि त्यालाही प्रायोगिकच म्हणत राहिले.

नेपथ्यवाला

सहमत नाही. प्रायोगिक म्हणजे नुसतं तंत्र नाही, धंद्याचं गणित न मांडता केलेलं नाटक असाही अर्थ आहे आणि तो आजही लागू पडतो. माझ्यासारख्याला तो शब्द दिसला की कळतं, सेटला पैसे मिळणार नाहीत.

मेघदूतिका

सर्वात पहिलं लेबल-भांडण कुठलं माहितीये का? म्हणजे माझं आवडतं. रोमन नाटककार प्लॉटसच्या 'अँफिट्रिऑ'ची सुरुवात. मर्क्युरी देव येऊन प्रेक्षकांना म्हणतो, ही ट्रॅजेडी आहे. लोकांची तोंडं वाकडी. तो म्हणतो थांबा थांबा, कपाळाला आठ्या नकोत, मी देव आहे, बदलून देतो. पण पूर्ण कॉमेडी कशी करू, यात राजे आणि देव आहेत. बरं, एक गुलामही आहे यात, तर मिसळून ट्रॅजिकॉमेडी करूया. म्हणजे तो शब्द मुळात एका विनोदातून आलाय, आणि बघा, तिथेही कसोटी 'नेता'च आहे, पात्रं कोण यावरून प्रकार!

तिसरी घंटा

सगळ्यांचे खूप आभार, आठवडाभर ऑफिसात चोरून वाचतेय. शेवटी काय केलं ते सांगते. 'प्रकार' रकाना उडवला. आता पाच आहेत: गोष्ट कुठली (पुराण, इतिहास, आजची, रचलेली), रूप (गद्य, संगीत, लोकनाट्य, एकपात्री), परिणाम, वेग आणि दारं. वेग म्हणजे नेपथ्यवाल्यांच्या अठरा मिनिटांसाठी. दारं म्हणजे दारं. परिणामात एकाहून जास्त टिकमार्क चालतात. 'नटसम्राट'ला मी शोक टाकलं आणि पुढे लिहिलं 'नटाला मोह होईल, सांभाळा'. आमच्या अध्यक्षांनी यादी पाहिली आणि विचारलं यात विनोदी नाटकं कुठे शोधायची, स्पर्धेचा फॉर्म भरायचाय, त्यात प्रकार एकच लिहायचाय.

विंगेतला

इतर.

तिसरी घंटा

गप रे. अजून एक शेवटचं अडलंय. एक हाताने लिहिलेली संहिता आहे, लेखकाचं नाव नाही, आणि शेवटची पानं गहाळ आहेत. तिसऱ्या अंकाच्या मध्यावर संपते. परिणाम काय टाकू?

गद्यपद्य

शोकांतिका म्हणता येणार नाही, अंतच नाहीये. शोकात्मिका म्हणता येईल. पहिल्या अंकात काय आहे? बंदूक, विष, पत्र?

तिसरी घंटा

पत्र आहे. चुकीच्या माणसाच्या हातात पडलंय.

मेघदूतिका

मग दोन्हीकडे जाऊ शकतं. तसबीर चुकीच्या हातात पडली तर 'संशयकल्लोळ', रुमाल पडला तर ऑथेल्लो.

नेपथ्यवाला

नेपथ्यसूचना वाचा. दारं किती?

तिसरी घंटा

चार. आणि एक खिडकी, "जिच्यातून माणूस जाऊ शकेल अशी".

नेपथ्यवाला

फार्स. पुढची संहिता घ्या.